आधी रुमालाचा नंबर, मग फोटो : मोडी कागदांचा डिजिटल प्रकल्प हाती घेणाऱ्यांसाठी

माझ्या कपाटात एक जुनी हार्ड डिस्क आहे. तिच्यात मोडी कागदांचे १,४०० फोटो आहेत. उजेड चांगला, अक्षर स्पष्ट, एकही फोटो हललेला नाही. आणि त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य आहे, कारण कोणता कागद कोणत्या रुमालातला, म्हणजे कोणत्या कापडी गठ्ठ्यातला, हे मी लिहूनच ठेवले नाही. त्या उन्हाळ्यात मला वाटले होते, फोटोंच्या क्रमावरून नंतर लावून घेऊ. कॅमेऱ्याचा क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा १ वर येतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते. शिवाय मधल्या काळात दोन कार्डे एकाच फोल्डरमध्ये ओतली गेली.

संदर्भ देता येत नसेल तर तो कागद इतिहासकाराच्या लेखी असून नसल्यासारखा. म्हणून हा लेख कॅमेऱ्यापासून नाही, नोंदवहीपासून सुरू होतो. एम.ए. करून पीएच.डी.ला नाव नोंदवलेले, तासिका तत्त्वावर शिकवणारे, किंवा नुकतेच कायम झालेले आणि ‘डिजिटल काहीतरी करा’ असे प्राचार्यांकडून ऐकलेले, अशा सगळ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे.

पहिली पायरी : वेळ मोजा

सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असते. त्यावर परीक्षा, नॅकच्या फायली, प्रवेश समिती, एनएसएसचे शिबिर. तासिका तत्त्वावर असाल तर दोन कॉलेजांमधला प्रवासही धरा. म्हणजे प्रकल्पाचे खरे दिवस दिवाळीची सुट्टी, उन्हाळा आणि एखादा शनिवार इतकेच. सरकारी दफ्तरखाने मात्र कार्यालयीन वेळेतच उघडे असतात, हे विसरू नका.

माझा हिशेब असा आहे. नोंदीसकट नीट काम केले तर दिवसाला १५० ते २०० पाने टिपून होतात. वाचन मात्र नवख्याकडून दिवसाला तीन-चार पत्रांपलीकडे जात नाही. म्हणजे पाच दिवसांत टिपलेले वाचायला वर्ष लागते. हे गणित आधी मांडले असते तर अनेकांचे प्रकल्प अर्ध्यावर पडले नसते. ‘पेशवे दफ्तराचे डिजिटायझेशन’ हा एका माणसाचा विषय नाही. ‘एका देशमुख घराण्याच्या एका दफ्तरातले १७५० ते १७७५ मधले कागद’ हा आहे. विषयाची पेटी बंद असावी, तिला कडा असाव्यात, आणि ती एका सुट्टीत उघडून मिटता यावी.

मोडी येत नसेल तर ती आधी शिका. भारत इतिहास संशोधक मंडळ, राज्याचे पुराभिलेख संचालनालय आणि काही विद्यापीठे वर्ग घेतात. अक्षरे पंधरा दिवसांत येतात, वाचन यायला दोन वर्षे जातात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसतात, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, आणि आधी सबंध ओळीची रेघ ओढून तिला अक्षरे टांगलेली असतात, त्यामुळे शब्द कुठे संपला हे अर्थावरूनच ठरवावे लागते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा तहसील कचेऱ्यांना अचानक मोडी वाचणारे हवे झाले. इतिहासाच्या पदवीधराला इतकी मागणी मी तरी त्याआधी पाहिली नव्हती.

दुसरी पायरी : कागद कुठे आहे आणि कुणाचा आहे

कागद तीन प्रकारच्या ठिकाणी असतात. पहिले सरकारी : पुण्याचे पुरालेखागार, ज्याला सगळे अजून पेशवे दफ्तरच म्हणतात आणि ज्याची इमारत १८९१ची, मुंबईचे मुख्य कार्यालय, ज्याची सुरुवात १८२१ मध्ये झाली, गोव्याचे पुराभिलेखागार, जिथे १५९५ मध्ये दियोगु दु कोउतु याला दफ्तराचा रखवालदार नेमले होते. दुसरे संस्थांचे : पुण्याचे मंडळ (१९१०), धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ (१९२७), तंजावरचे सरस्वती महाल. तिसरे म्हणजे वाडे, देवस्थाने, मठ आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या.

सरकारी ठिकाणी मार्गदर्शकाचे पत्र, ओळखपत्र, विषय आणि फॉर्म लागतो. फोटोचे नियम आणि शुल्क प्रत्येक ठिकाणी निराळे असतात, आणि ते बदलतात, म्हणून जाण्याआधी लेखी विचारा. ‘अभ्यासासाठी फोटो’ आणि ‘संकेतस्थळावर टाकण्यासाठी फोटो’ या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. पहिली मिळाली म्हणून दुसरी मिळाली असे समजू नका.

खासगी घरात वेगळीच अडचण येते. यजमान चहा देतात, पूर्वजांची तलवार दाखवतात, पण पेटी उघडायची म्हटली की ‘भावाला विचारतो’ म्हणतात. त्यांचे चूक नसते. वतन आणि इनामाचे कागद म्हणजे त्यांच्या दृष्टीने जमिनीचे कागद, आणि भाऊबंदकीचा खटला अजून चालू असू शकतो. अशा ठिकाणी पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतून काढूच नका. एखादे पत्र वाचून दाखवा. दुसऱ्या भेटीत एका पानाचा करार करा : मूळ कागद घराबाहेर जाणार नाहीत, सगळ्या फोटोंची प्रत घराला मिळेल, कोणते कागद जाहीर करायचे हे घर ठरवेल. दोघांच्या सह्या घ्या. शक्य असेल तर घरातल्या तरुण पिढीतल्या कुणाची सहीसुद्धा घ्या, कारण दहा वर्षांनी फोन त्यांचाच येणार आहे.

तिसरी पायरी : टेबलावरचा दिवस

रुमाल म्हणजे ज्या चौकोनी कापडात कागद बांधलेले असतात ते. आत पुडकी, पुडक्यात सुटे कागद. सोडण्यापूर्वी बांधलेल्या रुमालाचा एक फोटो, वरची चिठ्ठी दिसेल असा. मग पुडक्याचा. मग कागद, आणि तेही ज्या क्रमाने हाती येतात त्याच क्रमाने. ‘हा आधीचा दिसतोय, पुढे ठेवू’ असा मोह होतो, तो आवरा. क्रम चुकीचा वाटला तरी तो कुणीतरी, कशासाठी तरी लावलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इनाम कमिशनने, म्हणजे इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इंग्रज सरकारच्या आयोगाने, चौकशीसाठी दफ्तरे चाळली, तेव्हाची मांडणी आजच्या गठ्ठ्यांत डोकावते. एखादी सनद जमाखर्चाच्या पुडक्यात का सापडली, हाच कधी कधी तुमच्या प्रबंधाचा प्रश्न होतो.

छापील साधनांशी काम केलेल्यांना ही उणीव चांगली ठाऊक आहे. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले, गो. स. सरदेसायांच्या देखरेखीखाली १९३०च्या दशकात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. त्यांच्याशिवाय आपण पांगळे असतो. पण खंड विषयवार आहेत, पानिपताचा वेगळा, म्हणून पत्र मिळते आणि त्याचे शेजारी मिळत नाहीत. त्यांना कागद आणि छपाईचा खर्च होता, निवड करणे भाग होते. आपल्याला तशी सक्ती नाही, तेव्हा शेजारी गमावायला आपल्याकडे सबब नाही.

प्रत्येक पुडक्याच्या पहिल्या फोटोत एक पांढरी चिठ्ठी ठेवा : संस्था, दफ्तर, रुमाल, पुडके, तारीख. कागदाशेजारी मोजपट्टी. कोरी दिसली तरी पाठ टिपाच, कारण पत्त्याची ओळ, शिक्का आणि ‘पैवस्ती’, म्हणजे पत्र पोचल्याची तारीख, बहुधा तिथेच असते. लांब कागद असेल तर तुकड्यांनी टिपा आणि प्रत्येक फोटोत आधीच्या तुकड्याच्या दोन ओळी येऊ द्या. फ्लॅश नको. खिडकीचा आडवा उजेड उत्तम, पण सरळ ऊन कागदावर पडू देऊ नका. घडी उलगडताना कडकड आवाज आला तर थांबा आणि तिथल्या माणसाला बोलवा. जबरदस्तीने उघडलेला कागद पुढच्या अभ्यासकाला मिळत नाही.

मोबाइल चालतो का? चालतो, स्टँड असेल तर. ‘दस्तऐवज स्कॅन’ करणारी ॲप मात्र वापरू नका. ती कागदाचा रंग उडवतात, कडा कापतात आणि शाईचा फिका शेरा पार पुसून टाकतात.

फाइलला नाव देताना रोमन अक्षरे आणि आकडे, मध्ये जागा नाही. क्रम नेहमी मोठ्याकडून लहानाकडे : संस्था, दफ्तर, रुमाल, पुडके, कागद, पान. आकडे तीन अंकी ठेवा, ७ नव्हे तर ००७, नाहीतर यादीत १० हा २ च्या आधी येऊन बसतो. नामकरण त्याच संध्याकाळी करा. ‘रविवारी करू’ म्हणणाऱ्यांची डिस्क कशी दिसते ते वर सांगितलेच आहे.

चौथी पायरी : नोंदवही, आणि तारखांचा गुंता

नोंदवही म्हणजे साधे स्प्रेडशीट. त्यात हे रकाने पुरतात : फाइलचे नाव, ठिकाण आणि क्रमांक, कागदाचा प्रकार (पत्र, सनद, यादी, रोजकीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, ताळेबंद), पाठवणारा, घेणारा, स्थळ, तारीख जशी लिहिली आहे तशी, तारीख इसवी सनात, ती कशी काढली, एका ओळीचा सारांश, आणि कुणी कधी नोंद केली. फोटो आणि नोंदी एकत्र बघायच्या असतील तर ट्रोपी हे मोफत सॉफ्टवेअर बरे. ज्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या केंद्रातून २००६ मध्ये झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर निघाले, तिथलेच ते. पण स्प्रेडशीट मूळ मानावे असे माझे मत आहे. सॉफ्टवेअर बदलतात, रकाने राहतात.

तारखेला दोन-तीन रकाने का, हे उदाहरणावरून बघा. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची. हा दिवस मराठी कागदात शके १६८२, पौष शुद्ध ८ असा येईल. शकात ७८ मिळवले की १७६० येते, पण पौष जानेवारीत गेला म्हणून इथे ७९ मिळवायचे. सुहूर सनात, म्हणजे मराठी कागदांत अरबी शब्दांनी लिहिल्या जाणाऱ्या वर्षगणनेत, तेच वर्ष ‘इहिदे सितैन मया व अलफ’. अरबी शब्द उलटे वाचत जा : एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. सुहूर वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. महसुलासाठीचा फसली सन सुहूरच्या ९ ने पुढे, म्हणजे ११७०. राज्याभिषेक शक ८७. आणि तारखेआधी ‘छ’ असेल तर तो चंद्र, म्हणजे चांद्र महिन्याचा दिवस, पुढे मुसलमानी महिना : इथे हिजरी ११७४चा जमादिलाखर. एकाच दिवसाची ही पाच नावे.

नवखे हमखास इथे चुकतात : गणित करून इसवी तारीख लिहितात आणि मूळ तारीख सोडून देतात. पुढे कुणाला शंका आली की पुन्हा कागदाकडे जावे लागते. मूळ जसेच्या तसे लिहा, ‘सु॥’ असेल तर ‘सु॥’च. बऱ्याच पत्रांत वर्ष नसतेच, फक्त तिथी किंवा चंद्र असतो. अशा वेळी वार लिहिलेला असेल तर सोन्याहून पिवळे : तिथी आणि वार जंत्रीत, म्हणजे जुन्या-नव्या तारखांच्या तक्त्यात, जुळवून पाहिले की बहुतेक वर्षे गळून पडतात. जे अंदाजाने काढले ते ‘अंदाजे’ म्हणून लिहा आणि कशावरून तेही एका ओळीत.

इंग्रजी आणि पोर्तुगीज कागद जोडीला घेणार असाल तर आणखी एक खड्डा आहे. पोर्तुगीजांनी ग्रेगरियन कॅलेंडर सोळाव्या शतकातच घेतले, इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुने चालवले. वसईच्या शरणागतीची पोर्तुगीज तारीख १६ मे १७३९. त्या दिवशी मुंबईच्या इंग्रजाच्या कॅलेंडरात ५ मे होती. अठराव्या शतकात फरक ११ दिवसांचा, त्याआधीच्या शतकात १०चा. शिवाय १७५२ पूर्वी इंग्रजांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलायचे, म्हणून फेब्रुवारीतल्या पत्रावर कधी कधी दोन वर्षे लिहिलेली दिसतात. ६ जून १६७४ ही राज्याभिषेकाची तारीख जुन्या पद्धतीची आहे. तुमच्या तक्त्यात कोणती पद्धत आहे हे पहिल्याच ओळीत सांगून टाका, म्हणजे भांडणे वाचतील.

माणसांच्या नावांनाही असाच वेगळा तक्ता लागतो. ‘नाना’ म्हणजे बाळाजी बाजीराव (नानासाहेब पेशवे) की बाळाजी जनार्दन (नाना फडणवीस), हे पत्राच्या वर्षावरून आणि मायन्यावरून ठरते. प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्या, कागदातले नाव जसे आहे तसे ठेवा आणि क्रमांकाने जोडा. गावांचेही तेच. नुसते ‘वडगाव’ लिहिलेत तर नकाशावर कोणते घेणार? ‘तर्फ हवेली, प्रांत पुणे’ हा तपशील कागदात असतो, तो रकान्यात आणा. मापे परस्पर बदलू नका. चावर म्हणजे १२० बिघे हे ठीक, पण बिघा सगळीकडे सारखा नव्हता आणि शेर तर नव्हताच.

पाचवी पायरी : लिप्यंतर

मोडीला युनिकोडमध्ये जून २०१४ मध्ये, ७.० या आवृत्तीत जागा मिळाली आणि फाँटही आहेत. तरीही लिप्यंतर देवनागरीत करा, असे माझे स्पष्ट मत आहे. शोधणारा माणूस देवनागरीतच शोधतो.

सुरुवातीलाच नियम एका पानावर लिहून काढा. न वाचलेले अक्षर कसे दाखवणार, फाटलेला भाग कसा, तुम्ही भरलेले अक्षर कोणत्या कंसात, जोडशब्द कुठे तोडणार. ऱ्हस्व-दीर्घ आजच्या नियमाने लिहिणार असाल तर तसे सांगा. लेखकाची भाषा मात्र सुधारू नका. ‘जाहाला’चा ‘झाला’ केलात की भाषेच्या अभ्यासकाला तुमच्या मजकुराचा उपयोग नाही.

आता एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’मधला तो वाकडा अर्धा र संगणकावर दोन प्रकारे साठवता येतो : एक नुक्त्याच्या ऱ ने, दुसरा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधात मात्र एक टंकलात तर दुसरा सापडत नाही. ‘ॲ’चेही तसेच, तो एका चिन्हाने येतो किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. दोघांनी मिळून टंकले असेल तर एक पद्धत ठरवा आणि शेवटी सगळा मजकूर एकदा सरसकट बदलून घ्या. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर कुणी दिला तर तो युनिकोडमध्ये आणल्यावर मुळाशी ताडून पाहा. जोडाक्षरे हमखास बिघडतात.

यंत्राकडून मोडी वाचून घेता येईल का, हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानात येतो. हस्तलिखितांसाठी ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठात वाढलेले ट्रान्सक्रिबस हे सॉफ्टवेअर आहे. त्याला तुम्ही शिकवावे लागते, आणि हस्तलिखितासाठी पाच ते पंधरा हजार अचूक लिप्यंतरित शब्द द्यावेत अशी त्यांची शिफारस आहे. एका कारकुनाच्या हातची रोजकीर्द असेल तर हा खटाटोप फळतो. शंभर कागद शंभर हातांचे असतील तर आधी शिकवणीच इतकी लागेल की तेवढ्यात तुमचे वाचून होईल. गप्पा मारणाऱ्या एआयला मी काही पत्रे दाखवून पाहिली. त्याने अस्सल मायना लिहिला, छान शेवट केला आणि मधला मजकूर कागदात नव्हताच. मोडी न येणाऱ्याला ते कळलेही नसते.

सहावी पायरी : हक्क

मूळ अठराव्या शतकातल्या पत्रावर स्वामित्वहक्क नाही, मालकी मात्र आहे. छापील साधने उचलताना हिशेब साधा : लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे. राजवाडे १९२६ मध्ये गेले, कधीच मोकळे. सरदेसाई १९५९ मध्ये, म्हणून १ जानेवारी २०२० पासून मोकळे. इतिहासकार सेतुमाधवराव पगडी १९९४ मध्ये, म्हणून त्यांचे भाषांतर अजून कितीतरी वर्षे विचारल्याशिवाय चढवता येणार नाही. जुन्या पुस्तकाला नवी प्रस्तावना असेल तर तिचा हिशेब वेगळा.

सातवी पायरी : साठवण

२४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक कच्ची (रॉ) फाइल २५ ते ३० एमबीची. दहा हजार फोटो म्हणजे २५० ते ३०० जीबी. तीन प्रती ठेवा : दोन वेगवेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर. मूळ फाइल कधीच दुरुस्त करायची नाही, काय करायचे ते प्रतीवर. वर्षातून एकदा, गणपतीत म्हणा, सगळ्या डिस्क उघडून पाहा.

‘मोठ्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आहेच की’ यावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे लंडनहून भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या, कागदांवर काम करणाऱ्यांना कित्येक महिने डिजिटल प्रती उघडता आल्या नाहीत. ज्यांनी परवानगीत बसेल तेवढे उतरवून ठेवले होते त्यांचेच प्रबंध पुढे सरकले. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल या संकेतस्थळावरून घेतलेले कागदही क्रमांकासकट जपून ठेवा.

आठवी पायरी : लोकांसमोर ठेवणे

भपकेबाज संकेतस्थळ शेवटी, आणि पैसे उरले तरच. अनुदान संपले की डोमेनचे नूतनीकरण कुणी करत नाही आणि तीन वर्षांत पाटी कोरी होते. आधी स्प्रेडशीट आणि लिप्यंतर झेनोडोसारख्या भांडारात ठेवा. सर्न ही युरोपातली संशोधन संस्था ते चालवते, पैसे लागत नाहीत, आणि कायमचा डीओआय क्रमांक, म्हणजे संदर्भात देता येणारा न बदलणारा पत्ता, मिळतो. बढतीच्या फॉर्ममध्ये ‘डेटासेट’ला रकाना सापडेलच असे नाही. म्हणून त्याच सामग्रीवर एक लेखही लिहा, ज्यात कागद कसे मिळाले आणि तारखा कशा ठरवल्या हे सांगता येईल. विद्यार्थ्यांनी टंकले असेल तर त्यांची नावे मुखपृष्ठावर घाला, ऋणनिर्देशाच्या तळाशी नव्हे.

ठरल्याप्रमाणे घराला किंवा संस्थेला प्रत द्या. नुसती डिस्क नको, नोंदवहीची छापील प्रतही द्या. ती बैठकीतल्या फडताळात राहते आणि पाहुण्यांना दाखवली जाते.

मग चुका कळवणाऱ्यांचे निरोप येऊ लागतात. ते येण्यासाठी एक ईमेल पत्ता पहिल्या पानावर ठेवा. जुने वाचन खोडू नका. शेजारी नवा रकाना करा : दुरुस्ती, कुणी सुचवली, कधी. मागच्या महिन्यात एका निवृत्त तलाठ्यांनी फोन केला. मी एका यादीत ‘सिरूर’ वाचले होते. ते म्हणाले, ‘‘सर, आजूबाजूची गावे बघा ना, सगळी नीरेकाठची आहेत. हे सिरवळ आहे.’’ फोटो मोठा करून पाहिला तर मधले अक्षर खरेच ‘व’ होते. आता त्या ओळीत दोन्ही वाचने आहेत, तारखांसकट.